उभी माती

संग्रहालयं मातीची फार मोठी ऋणको आहेत, पण या ऋणाची नोंद त्यांच्या कुठल्याही दालनात सापडत नाही. नाणी, खापरं, मणी, ताम्रपट, मूर्ती, हाडं असं जे काही आपण काचेमागे पाहतो, त्यातलं कितीतरी शेकडो वर्षं मातीने सांभाळलेलं असतं. ते वर आलं की पहिलं काम म्हणजे त्याच्या अंगावरची माती ब्रशने झाडून काढणं. वस्तू आत जाते, माती बाहेर राहते.

या बाहेर राहिलेल्या मातीलाच आत आणावं, तिला नाव-गाव द्यावं आणि ती लोकांना दाखवावी, ही कल्पना जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे. तिचा इतिहास मी शोधू लागलो तो एका कामाच्या निमित्ताने. शेतीचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत मातीचं लहानसं दालन उभं राहणार होतं आणि त्यातल्या पाट्यांचा मराठी मजकूर माझ्याकडे आला. प्रत्येक पाटीला साठ शब्द. समोर मातीचा एक उभा काप, पाहणारा शाळकरी मुलगा किंवा शेतकरी, आणि मधे माझे साठ शब्द. हे काम आधी कुणी, कुठे आणि कशासाठी केलं, ते पाहिल्याशिवाय लिहायला बसू नये असं मला वाटलं.

शोधताना पहिलीच गोष्ट लक्षात आली. मातीच्या प्रदर्शनांचा इतिहास कुतूहलातून सुरू होत नाही. तो दुष्काळातून आणि शेतसाऱ्यातून सुरू होतो.

रशियात १८७० च्या दशकात गवताळ मैदानांच्या काळ्या मातीवर दुष्काळ पडला. ही माती देशाचं धान्याचं कोठार मानली जात होती. तीच पिकेना, तेव्हा सेंट पीटर्सबर्गच्या फ्री इकॉनॉमिक सोसायटीने या मातीचा अभ्यास करवून घ्यायचं ठरवलं आणि ते काम वसीली दोकुचायेव या तरुण भूशास्त्रज्ञाकडे आलं. दोकुचायेवचा जन्म १८४६ चा, स्मोलेन्स्क प्रांतातल्या एका खेड्यातला. वडील गावचे पाद्री; मुलानेही पाद्रीच व्हावं म्हणून त्याला धर्मशाळेत घातलेलं. तो तिथून निसटून विज्ञानाकडे आला. १८७७ पासून त्याने काही वर्षं काळ्या मातीचा मुलूख तुडवला. दहा हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास झाला. १८८३ साली ‘रशियन चेर्नोझेम’ हा त्याचा ग्रंथ आला. मातीचं आधुनिक शास्त्र तिथून सुरू होतं असं मानतात.

त्याचं म्हणणं आज साधं वाटतं. तोवर भूशास्त्रज्ञ मातीकडे खडकाचा चुरा म्हणून पाहत आणि रसायनशास्त्रज्ञ पिकाच्या अन्नाचा साठा म्हणून. दोकुचायेव म्हणाला, माती ही स्वतंत्र वस्तू आहे. खालचा खडक, वरचं हवामान, तिच्यात जगणारी झाडं-प्राणी, जमिनीचा उतार आणि काळ या पाचांनी मिळून ती घडते. हे घडणं वरून दिसत नाही. ते पाहायचं तर खड्डा खणावा लागतो, त्यात उतरावं लागतं आणि खड्ड्याच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागतं. त्या भिंतीवर वरून खाली थर दिसतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध दिसतो. या थरांना त्याने अ, ब, क अशा अर्थाची अक्षरं दिली. जगभरचे मृदाशास्त्रज्ञ अजून तीच पद्धत वापरतात.

माती पाहायची ती उभी, हा त्याच्या शोधाचा गाभा होता. संग्रहालय त्यातूनच निघालं. निझ्नी नोवगोरोद आणि पोल्तावा या प्रांतांतल्या स्थानिक मंडळांना जमिनीवर कर बसवण्यासाठी मातीची प्रत ठरवून हवी होती. दोकुचायेवने ते काम घेतलं आणि दोन्ही ठिकाणी आणलेल्या नमुन्यांमधून स्थानिक संग्रहालयं उभी राहिली. पोल्तावा आज युक्रेनमध्ये आहे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या मातीच्या संग्रहाला सुवर्णपदक मिळालं. आयफेल टॉवर पाहायला लोटलेल्या गर्दीतल्या काहींनी तरी तिथे रशियातली काळी माती पाहिली असेल.

पदकानंतर दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, त्याच काळ्या मातीच्या मुलखात भयंकर दुष्काळ पडला. दोकुचायेवने पुढच्या वर्षी ‘आमची गवताळ मैदानं, पूर्वी आणि आता’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याची मिळकत दुष्काळग्रस्तांना दिली. पावसाला दोष देऊन भागणार नाही, असा त्यातला सूर आहे. झाडं तुटली, घळी वाढल्या, बर्फाचं पाणी जिरायच्या ऐवजी वाहून जाऊ लागलं, सततच्या नांगरटीने मातीची रवाळ घडण मोडली. म्हणजे जी माती जगाला मिरवून दाखवली, ती आपल्या घरी बिघडत होती. तो १९०३ साली वारला आणि पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये मातीचं मध्यवर्ती संग्रहालय उघडलं. त्याचंच नाव लावून ते आजही उभं आहे.

दोकुचायेवची आणखी एक गोष्ट मला पाट्या लिहिताना फार उपयोगी पडली. त्याने मातीला नावं दिली नाहीत, ती शेतकऱ्यांकडून घेतली. चेर्नोझेम म्हणजे काळी माती. पॉडझॉल हा राखेवरून आलेला शब्द; वरच्या थराखाली राखेसारखा फिकट थर लागतो म्हणून त्याच्याच स्मोलेन्स्ककडचे शेतकरी तसं म्हणत. हे शब्द आज पोर्तुगीज, जपानी, हिंदी पाठ्यपुस्तकांत तसेच छापले जातात. रशियन खेड्यातल्या निरक्षर माणसाने पायाखालच्या मातीला मारलेली हाक आंतरराष्ट्रीय पारिभाषिक शब्द होऊन बसली.

आपल्याकडे याच्या बऱ्याच आधी मातीची उभी मोजणी झाली होती, पण ती दालनात न जाता दप्तरात गेली. १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी महसुलाची नवी पाहणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. जमिनीची प्रत ठरवायची ती मातीचा पोत आणि खोली पाहून. सर्वांत चांगल्या मातीची पावणेदोन हात खोली म्हणजे सोळा आणे. खोली कमी होईल तशी आणेवारी उतरायची. चुनखड, वाळू, पाणथळपणा असे दोष असतील तर आणखी प्रत उतरायची. एकूण नऊ प्रती. प्रतबंदी करणारा कारकून शेतात ठिकठिकाणी खणून पाहायचा आणि कागदावर खुणा करायचा. गावोगावच्या मातीचं एवढं बारीक वाचन त्या काळात जगात फार थोड्या ठिकाणी झालं असेल. ते ज्याच्या शेताविषयी होतं, त्याला त्यातून कळायचा तो फक्त सारा.

पाहणीचं पुढे काय होतं, हे ती कुणासाठी केली यावर ठरतं. रशियातल्या करपाहणीतून संग्रहालय निघालं. दख्खनच्या पाहणीतून प्रतबुकं निघाली.

आता उभी माती आत आणायची कशी, ते सांगतो. मला या कामातला हा भाग सर्वांत आवडला. आधी माणूस उभा राहील एवढा खड्डा खणतात. एक भिंत सुरी-खुरप्याने तासून सरळ करतात. मग त्या भिंतीतच मातीचा एक उभा खांब कोरून बाहेर काढतात, दीड मीटरपर्यंत उंच आणि वीतभर रुंद. त्याच्यावर लाकडी किंवा पत्र्याची चौकट घट्ट बसवतात, मागून माती तोडत आणतात आणि चौकट खांबासकट हळूच आडवी करून वर घेतात. ओल्या मातीचं हे ओझं उचलायला तीन-चार माणसं लागतात. नंतर ती सावलीत सावकाश वाळवायची, अनेक आठवडे. मग लाख, डिंक किंवा राळेसारखा पदार्थ पातळ करून पाजायचा, म्हणजे कण एकमेकांना धरून राहतात. शेवटी सुरीच्या टोकाने पृष्ठभाग टोकरायचा. कापल्याचा गुळगुळीतपणा जाऊन मातीची मूळ घडण, ढेकळं, मुळांच्या वाटा, किड्यांची भोकं दिसली पाहिजेत. १९३० च्या दशकात एहरहार्ड फोइग्ट या जर्मन भूशास्त्रज्ञाने जमिनीच्या उभ्या भिंतीवर लाख चढवून वाळल्यावर तिचा पातळ पापुद्राच सोलून आणायची युक्ती विकसित केली. वाळूसारख्या सुट्या मातीला ती फार सोयीची पडली.

या सगळ्या खटाटोपात दोन गोष्टी मात्र हातातून सुटतात. एक, ओल. माती वाळली की तिचा रंग उतरतो. लाख जास्त झाली तर उलट ती कायमची भिजल्यासारखी दिसते. दुसरी, जीव. चमचाभर जिवंत मातीत कोट्यवधी जंतू असतात, बुरशीचे धागे असतात, वास असतो. चौकटीतल्या कापात यातलं काही उरत नाही. फुलपाखराला टाचणी टोचून ठेवतात तसंच हे, फक्त पाहणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण माती जिवंत होती हेच त्याला ठाऊक नसतं.

काही माती तर हे सोसतच नाही. आपली काळी माती त्यांतली. तिच्यात फुगणारी चिकणमाती फार. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा चुरा भेगांतून खाली पडतो, पुढच्या पावसात माती फुगली की खालची वर ढकलली जाते. म्हणून तिला स्वतःला नांगरणारी माती म्हणतात. शास्त्रातलं व्हर्टिसॉल हे नाव उलटणं या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आलं आहे. अशी माती चौकटीत वाळू लागली की चौकटीतही भेगाळते. दालनासाठी काप तयार करणारे तिला सांभाळायला धडपडत होते, आणि मला वाटत होतं, तिच्याकडून हेच तर लोकांना दाखवायचं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मातीच्या संग्रहाचा हेतू बदलला. अन्न व शेती संघटना आणि युनेस्को यांनी १९६१ मध्ये जगाच्या मातीचा एकच नकाशा करायचं काम हाती घेतलं, पन्नास लाखांस एक या प्रमाणावर. तेव्हा कळलं की देशोदेशींचे तज्ज्ञ एकाच मातीला वेगळी नावं देतात आणि एकाच नावाने वेगळ्या माती ओळखतात. वाद मिटवायचा तर प्रत्यक्ष माती समोर हवी. म्हणून १९६६ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट इथे आंतरराष्ट्रीय मृदा संग्रहालय सुरू झालं आणि पुढे ते वाखेनिंगेनला गेलं. आज तिथे जगभरातून आणलेले हजाराहून अधिक उभे काप आहेत. शब्दकोशात जसा शब्दाचा अर्थ पाहावा, तशी तिथे माती पाहायची. पण हा कोश होता जाणकारांसाठी. १९८४ मध्ये संस्थेच्या नावातून संग्रहालय हा शब्दच गेला आणि संदर्भ व माहिती केंद्र असं नवं नाव आलं. सामान्य पाहुण्यांसाठी जागतिक मृदा संग्रहालय नव्या इमारतीत उघडलं ते २०१४ मध्ये. मातीचा जगातला सर्वांत मोठा संग्रह लोकांपर्यंत नीट यायला जवळपास अर्धं शतक गेलं.

अमेरिकेत गोष्ट उलट्या टोकाने घडली. तिथे आधी माती स्वतःच राजधानीत आली. मधल्या मैदानी राज्यांत गवत उपटून गहू पेरला गेला, मग १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि उघडी माती वाऱ्यावर उडाली. १९३४ च्या मे महिन्यात ती धूळ पूर्व किनाऱ्यापर्यंत पोचली, समुद्रातल्या जहाजांवरही पडली. १९३५ च्या वसंतात ह्यू बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ मातीच्या संवर्धनाचा कायदा व्हावा म्हणून सिनेटच्या समितीपुढे बोलत होता. धुळीचं वादळ शहराकडे येतंय हे त्याला ठाऊक होतं आणि ते पोचेपर्यंत त्याने आपलं बोलणं लांबवलं, अशी आख्यायिका तिथे सांगतात. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कायदा झाला. आख्यायिकेत तिखटमीठ असेल, पण मातीच्या प्रदर्शनाची तिच्याइतकी परिणामकारक गोष्ट मला दुसरी सापडली नाही.

पुढच्या पिढीला ही धूळ आठवेनाशी झाली, तेव्हा माती मुद्दाम दाखवायची वेळ आली. विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक फ्रान्सिस होल व्हायोलिन आणि कळसूत्री बाहुल्या घेऊन शाळांतून, सभांतून मातीवर बोलत फिरत. राज्याचा पक्षी असतो, फूल असतं, तशी राज्याची मातीही असावी म्हणून त्यांनी खटपट केली आणि १९८३ मध्ये अँटिगो नावाची माती कायद्याने विस्कॉन्सिनची राज्यमाती झाली. तिथल्या शाळकरी मुलाला आपल्या राज्याची माती ओळखता येत असेल, तर त्यात होल यांच्या बाहुल्यांचाही वाटा आहे.

या कल्पनेचं मोठं रूप म्हणजे स्मिथसोनियनच्या वॉशिंग्टनमधल्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातलं ‘डिग इट! द सीक्रेट्स ऑफ सॉइल’ हे प्रदर्शन. जुलै २००८ मध्ये ते उघडलं आणि जानेवारी २०१० पर्यंत चाललं. त्यात चोपन्न उभे काप होते. पन्नास राज्यांचे पन्नास, आणि उरलेले राजधानी व बेटांवरच्या प्रदेशांचे. ही निवड मला फार चतुर वाटते. प्रदर्शनात शिरलेला माणूस आधी आपलं राज्य शोधतो, मग शेजारचं पाहतो. तांबडी, पिवळी, करडी, काळी अशा चोपन्न मातींची रांग पाहिली की ‘माती मातीसारखीच’ हा समज आपोआप जातो.

पण त्या प्रदर्शनाच्या आश्रयदात्यांकडेही पाहायला हवं. अमेरिकेतल्या मृदाशास्त्रज्ञांची संघटना त्यांत होती आणि खत उद्योगाने उभी केलेली ‘न्यूट्रिएंट्स फॉर लाइफ’ ही संस्थाही होती. यात गैर काही झालं असा माझा आरोप नाही. प्रश्न सगळीकडचा आहे. लोकांना माती शिकवायला पैसे कोण देतं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतं, ज्याचा मातीशी व्यवहार आहे तो. पूर्वी तो सारा घेणारा होता, आता खत विकणारा आहे. मातीची भूक कशी भागते हे सांगायला तो उत्सुक असतो. ती भूक का वाढली, हे त्याच्या पाटीवरच्या साठ शब्दांत सहसा मावत नाही. पाटी लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवलं तर निदान न लिहिलेल्या शब्दांची त्याला जाणीव राहते.

भारतात यायचं तर तिरुअनंतपुरमला जावं. तिथे पारोट्टुकोणम इथे केरळच्या मृदा सर्वेक्षण व संवर्धन खात्याचं संग्रहालय १ जानेवारी २०१४ रोजी उघडलं. एकट्या केरळातल्या ८२ प्रकारच्या मातींचे उभे काप तिथे आहेत. एवढ्या लहान राज्यात ८२ माती, ही एक संख्याच दालनाचं अर्धं काम करते.

या केरळी मातींत मराठी माणसाला दोन नातेवाईक भेटतात. एक जांभा. कोकणात ज्याच्या चिऱ्यांनी घरं बांधतात तोच हा तांबडा दगड. फ्रान्सिस बुकानन १८०० च्या सुमारास मलबारात फिरला आणि अंगाडिप्पुरमजवळ त्याने हा दगड कुऱ्हाडीने, लोखंडी हत्यारांनी विटांसारखा कापताना पाहिला. जमिनीत असेतो मऊ, हवा लागली की टणक. १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने नोंदवलं की इथल्या काही बोलींत याला विटेचा दगड असंच म्हणतात, आणि म्हणून विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याने लॅटराइट हे नाव सुचवलं. म्हणजे जगभरच्या भूशास्त्रात गेलेला हा लॅटिन शब्द खरं तर दक्षिण भारतातल्या बोलीचा अनुवाद आहे. चेर्नोझेम लिपी बदलून तसाच गेला, आपला शब्द मात्र वेषांतर करून गेला. अनुवाद करणाऱ्यांना हे दुःख ओळखीचं वाटेल.

दुसरा नातेवाईक काळी माती. पालक्काड जिल्ह्यात चिट्टूरकडे केरळातल्या काळ्या मातीचा पट्टा आहे. इंग्रजीने तिला रेगूर म्हटलं, तेही तेलुगूतल्या रेगडीवरून. आणि कुट्टनाडमधली करी माती तर मराठीत यायलाच हवी. करी म्हणजे कोळसा. समुद्रसपाटीखालच्या या शेतांतली माती कोळशासारखी काळी असते आणि तिच्या पोटात गाडल्या गेलेल्या जुन्या झाडांची लाकडं सापडतात. ती पाण्याखाली असते तोवर शांत असते. वाळून तिला हवा लागली की तिच्यातलं लोह-गंधकाचं संयुग बदलून आम्ल तयार होतं. अशा मातीला संग्रहालयासाठी वाळवणं हाच तिच्यातला बदल सुरू करणं होय. काही गोष्टी दाखवायला गेलं की त्या दुसऱ्याच होतात.

हे सगळं वाचून मी पुन्हा माझ्या पाट्यांकडे वळलो, तेव्हा मुख्य अडचण दिसली ती पहिल्याच शब्दाची. मला दिलेल्या मसुद्यात सगळीकडे ‘मृदा’ होतं. मृदा-परिच्छेदिका, मृदा-क्षितिज, मृदा-संघटन. शाळेच्या पुस्तकातून आलेले हे शब्द अचूक आहेत, पण मातीत हात घातलेल्या कुणाच्याही तोंडी ते नाहीत. उलट मराठीकडे मातीचे शब्द किती आहेत पाहा. काळी, तांबडी, मळईची, पोयट्याची. हलकी, भारी. बरड, मुरमाड, चुनखडीची, खारवट, चोपण. गाळपेर, खाजण. यांतला प्रत्येक शब्द केवळ रंग सांगून थांबत नाही, तर काय पिकेल आणि काय नाही तेही सांगतो. चोपण म्हटलं की पाणी मुरत नाही, वर चिखल आणि आत दगड, हे ऐकणाऱ्याला कळतं. बारमाही पाण्यावर ऊस पिकलेल्या कित्येक शेतांची हकीकत या एका शब्दात आहे.

आणि काळी-पांढरी ही जोडी. मराठी मुलखात काळी म्हणजे गावाची शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, माणसं राहतात ती जागा. राख, शेण, पडक्या भिंती, खापरं यांची पिढ्यान् पिढ्या भर पडून गावाखालची माती पांढुरकी होते. जुन्या वस्तीच्या शोधात निघालेले पुरातत्त्वज्ञ अशीच पांढरीची टेकाडं हुडकतात. इनामगावचं उत्खनन करणाऱ्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींना ही माती चांगली ओळखीची होती. शेतकरीही तिला ओळखत; तिची माती खत म्हणून गाड्या भरभरून काळीत नेत. दोकुचायेवच्या पाच घटकांत माणूस धरलेला नव्हता. काळी-पांढरी म्हणणाऱ्या भाषेने त्याला केव्हाच धरलेलं आहे.

दालनासाठी खड्डा खणायला आलेल्या कामगारांतला एक जुना विहीर खोदणारा होता. भिंत तासून झाल्यावर त्याने कुणी न विचारता वरून खाली बोट फिरवत सांगितलं, ही काळी, इथून चुनखड लागली, हा मुरूम, याच्याखाली मांजऱ्या आणि मग काळा पत्थर. आमच्याकडच्या तक्त्यात याच थरांना अक्षरं आणि आकडे होते. त्याचा क्रम आणि तक्त्याचा क्रम एकच होता.

तेव्हा मला कळलं की आपल्याकडे उभी माती पाहायची सार्वजनिक जागा नव्हती असं नाही. ती जागा म्हणजे विहीर. विहीर खणली जायची तेव्हा गाव काठावर येऊन उभं राहायचं. किती हातांवर मुरूम लागला, पाझर कुठून फुटला, पत्थर कधी आला, यावर आठ-आठ दिवस बोलणं चालायचं. १९७२ च्या दुष्काळात जागोजाग विहिरी खणल्या आणि खोल केल्या गेल्या, त्या कामांवर राबलेल्या पिढीने आपल्या जमिनीचं पोट डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे विंधनविहिरी आल्या. सहा इंचांचं भोक, एका रात्रीत तीनशे फूट आणि वर उडणारी करडी पूड. पाणी लागलं की नाही एवढंच कळतं. कशातून लागलं, ते कुणी पाहत नाही. आजच्या शाळकरी मुलासाठी चौकटीतला काप म्हणजे या गेलेल्या विहिरीची राहिलेली फट आहे.

म्हणून पाट्यांसाठी मी तीन गोष्टींचा आग्रह धरला. पहिल्या ओळीत लोक म्हणतात ते नाव, मोठ्या अक्षरात. खाली शास्त्राचं नाव, तेही हवंच, कारण त्या नावानेच ही माती वाखेनिंगेनच्या आणि तिरुअनंतपुरमच्या मातीशी बोलू शकते. आणि तिसरी गोष्ट, काप कोणत्या गावातून, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्षी काढला ते. तारखेवर थोडा वाद झाला. नाण्याला साल हवं, मातीला कशाला, ती तर हजारो वर्षांची, असं म्हणणं आलं. पण एक सेंटिमीटर माती घडायला शेकडो वर्षं लागतात आणि जायला एक मोठा पाऊस पुरतो. काप काढला त्या दिवशी वरचा काळा थर किती होता, हे चौकटीत कायम राहणार आहे. शेतात ते राहीलच असं नाही.

तारीख पाटीवर आली. तिच्या खाली चौकटीच्या कडेने मोजपट्टीसारख्या खुणा आहेत, पण त्या सेंटिमीटरच्या जोडीला हातांच्याही आहेत. पावणेदोन हातांवर एक लाल रेघ आहे. इथवर काळी असेल तर जमीन सोळा आणे, एवढंच तिच्याशेजारी लिहिलंय. दालनातल्या अकरा कापांपैकी किती त्या रेघेपर्यंत पोचतात, ते पाहणाऱ्याने स्वतः मोजायचं आहे.